ब्रेगेन्झ : पाण्यातला ऑपेरा आणि काठावरचा तंबू

गंधाली_उल्म

दर उन्हाळ्यात म्युनिक, स्टुटगार्ट, झुरिककडच्या मराठी ग्रुपांवर हा प्रश्न फिरतो: ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झच्या ऑपेराची तिकिटं मिळाली, पण हॉटेलं एकतर भरलेली नाहीतर खिशाला झेपत नाहीत, तर तळ्याकाठी तंबू टाकून राहता येईल का? येतं. माझ्या मते तिथे राहायची सगळ्यात चांगली रीत तीच. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून जायला हवी. ऑपेरा सुरू होतो रात्री नऊ-सव्वानऊला, आणि कॅम्पसाईटचं फाटक बंद होतं साधारण दहाला.

हे तळं म्हणजे बोडनझे, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या मधलं. त्याच्या काठी जवळपास सगळीकडे रात्री दहा ते सकाळी सहा-सात शांततेची वेळ असते. त्या वेळात गाडी आत येत नाही आणि आतली हलवताही येत नाही. दुपारी जेवणानंतर दोनेक तास पुन्हा तेच. प्रयोग मध्यंतराशिवाय सलग दोन तासांच्या आसपास चालतो, म्हणजे तुम्ही अकरा-साडेअकराला बाहेर पडता. गाडीने गेलात तर पार्किंगमधून निघतानाच अर्धा तास मोडतो, आणि परतल्यावर समोर आडवा दांडा. मग गाडी बाहेर लावायला जागा शोधत फिरा. पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसाठी मात्र बाजूचं छोटं दार असतं. म्हणून कॅम्पसाईट निवडताना स्वच्छतागृह, दुकान, मुलांचं खेळायचं मैदान हे सगळं नंतर बघा. रात्री पायी किंवा सायकलवर परत येता येईल का, हे आधी.

हा हिशेब दोन ठिकाणी जमतो. खुद्द ब्रेगेन्झमध्ये, गावाच्या पश्चिमेला मेहरेराउचा जुना मठ आहे. त्याच्या पुढे तळ्याकाठी कॅम्पसाईट आहेत. तिथून झाडीतल्या वाटेने काठाकाठाने चालत अर्ध्या तासाच्या आतबाहेर रंगमंच गाठता येतो. दुसरं ठिकाण लिंडाउ. शहर जर्मनीत, पण त्याच्या झेख भागातली कॅम्पसाईट सीमेला अगदी खेटून आहे. मधे लाइब्लाख नावाची छोटी नदी, पलीकडे ऑस्ट्रिया. तिथून ब्रेगेन्झ सायकलवर अर्धा तास, सगळा सपाट रस्ता. वाटेतल्या लोखाउ गावापाशी डोंगर आणि तळं यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रेल्वेरूळ आणि सायकलमार्ग तिघंही दाटीवाटीने शेजारी धावतात. सायकलचे पुढचे-मागचे दिवे चालू हवेत, परतीच्या वाटेवर शेकडो सायकली एकदम निघतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. महोत्सवाची सुरुवात १९४६ सालची, महायुद्ध संपून वर्ष झालेलं. गावात धड थिएटर नव्हतं म्हणून बंदरात खडी वाहणाऱ्या दोन बोटी उभ्या केल्या, एकीवर रंगमंच, दुसरीवर वाद्यवृंद, आणि मोझार्टचा एक छोटा ऑपेरा केला. आज पाण्यात उभा केलेला प्रचंड रंगमंच आहे, काठावर सुमारे ७००० खुर्च्या आहेत आणि व्हिएन्ना सिम्फनीचा वाद्यवृंद अजूनही दर वर्षी येतो. वादक मात्र शेजारच्या महोत्सवगृहात बसून वाजवतात आणि तो आवाज बाहेर पोचवला जातो. एक नेपथ्य दोन उन्हाळे राहतं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रयोग असतात.

आणि त्याच काळात गर्दी दुप्पट होते. जुलै संपता संपता बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया या जर्मन राज्यांतल्या शाळांना सुट्टी लागते, आणि सगळं कुटुंबच्या कुटुंब कॅराव्हॅन ओढत बोडनझेला येतं. ज्यांना सवड आहे त्यांनी जुलैतल्या पहिल्या प्रयोगांची, तीही मंगळवार-बुधवारची तिकिटं काढावीत. ऑगस्टमधल्या शनिवारी तंबूच्या हिरवळीवर दोन तंबूंच्या दोऱ्यांमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते. रात्री बारा वाजता त्या दोऱ्या दिसत नाहीत. आम्ही जुन्या पांढऱ्या चादरीच्या चिंध्या फाडून आमच्या प्रत्येक दोरीला बांधतो, आणि शेजाऱ्यांनाही देतो. ओळख तिथूनच होते.

संध्याकाळी सहाला स्वच्छतागृहात जा. आरशासमोर इस्त्रीचा शर्ट हँगरला टांगून कोणी दाढी करतंय, शेजारी एक आजीबाई मोत्यांची माळ घालतायत, त्यांच्या कोपराखाली एक पोरगं दात घासतंय. तासाभराने हीच मंडळी चादरी खांद्यावर टाकून रांगेने काठाच्या वाटेला लागतात. मला त्या गर्दीत राहायला आवडतं, कारण सगळे एकाच गोष्टीसाठी आलेले असतात.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत असेल ते सांगते.

विहंग_म्युनिक

गंधालीताई, फार वेळेवर धागा काढलात. आमची ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं आहेत. आम्ही दोघं, दोन मुलं (९ आणि ५ वर्षं), आणि पुण्याहून आलेले आईबाबा. बाबांचे गुडघे दुखतात, अर्धा तास चालणं कठीण. गाडी न्यावीच लागेल. मग काय करावं? ऑस्ट्रियाचा रस्त्याचा टोल-स्टिकर लागतो का?

गंधाली_उल्म

विहंग, स्टिकरचं सोपं आहे. म्युनिककडून ए-९६ मोटरवेने आलात की सीमेपासून होहेनएम्स गावापर्यंतच्या मोटरवेला डिसेंबर २०१९ पासून स्टिकर लागत नाही. ब्रेगेन्झ त्याच्या आत येतं. त्यापुढे दक्षिणेला फिरायला जाणार असाल तरच घ्या.

बाबांसाठी दोन मार्ग. गाडी दिवसभर कॅम्पसाईटमध्येच राहू द्या आणि संध्याकाळी बस किंवा टॅक्सीने जा. परतीची टॅक्सी आधी ठरवून ठेवा, प्रयोग सुटल्यावर हात दाखवून मिळत नाही. नाहीतर तुम्ही सगळे तंबूत राहा आणि आईबाबांना स्टेशनजवळ एका रात्रीची खोली घ्या. स्टेशनपासून महोत्सवगृह दहा मिनिटांवर आहे. सहा माणसांना हॉटेल नाही झेपत, दोघांना एक रात्र झेपते.

पाच वर्षांच्या मुलाला मात्र प्रयोगाला नेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. सव्वानऊला सुरुवात, मध्यंतर नाही, उठून बाहेर जायचं तर अख्खी रांग उठते. आईबाबांनी प्रयोग बघावा आणि तुमच्यापैकी एकाने मुलांजवळ थांबावं, किंवा दोन रात्री वाटून घ्याव्यात.

सुधीरकाका

बाबांच्या वयाचा माणूस म्हणून लिहितो. झुरिकला मुलीकडे येतो तेव्हा आम्ही जातो. ऑपेरातलं मला फार कळत नाही, भाषा तर अजिबात नाही. तरी माझं मत असं की आपल्या माणसांनी हे एकदा अनुभवावं, आणि शक्य तर तंबूत राहूनच.

सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा ते दिवस मी पुण्यात काढलेत. चटई, शाल, थर्मास, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी तीन रात्रींत जमलेली मैत्री. लाऊडस्पीकरचे दहाचे नियम आले आणि ती रात्र गेली. ब्रेगेन्झला मला तिची फार आठवण झाली. सूर्य रंगमंचाच्या मागे तळ्यात उतरतो, प्रकाश हळूहळू जातो, आणि सात हजार माणसं एक शब्द बोलत नाहीत. खाली पाणी दगडावर आपटतं तेवढं ऐकू येतं. मग पहिला सूर येतो.

उपयोगाचं सांगायचं तर थंडीचं. दुपारी तीस अंश असेल, तरी रात्री अकराला पाण्यावरून येणारा वारा हाडात शिरतो. आमच्या वयाच्या लोकांनी कानटोपी, मोजे, शाल आणि खाली घालायला जाड आसन न्यावं. लाजू नये, तिथले जर्मन आजोबा-आजीही असेच गुंडाळून बसतात. तंबूत उंच, फुगवायची गादी घ्या. जमिनीलगतच्या पातळ मॅटवरून सकाळी उठता येत नाही.

रेवती_म

जेवणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण आपलं सगळं अडतं तिथेच.

कुकर नेऊ नका. एक तर दुपारच्या शांततेत शिट्टी वाजली की पन्नास माना वळतात, आणि दुसरं म्हणजे कॅम्पिंगच्या छोट्या शेगडीवर तो नीट बसत नाही, कलंडतो. मी पसरट, जाड बुडाचं पातेलं नेते. तांदूळ आणि मुगाची डाळ घरूनच मोजून, भाजून, पिशव्या भरून नेते. एका पिशवीत एका वेळची खिचडी, मीठ-हळद-गोडा मसाला त्यातच. तळ्यावर वारा असतो, शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा लावला तर निम्म्या वेळात शिजतं. आडोसा गॅसच्या डब्याला मात्र वेढू नका, तो तापतो. गॅसच्या शेगडीला सहसा हरकत नसते. उघडी शेकोटी नाही म्हणजे नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारीच पोटभर जेवा. संध्याकाळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी असं हातात धरून खाता येईल ते. तळ्याकाठच्या भिंतीवर बसून खायला फार छान जागा आहे. रात्री परत आल्यावर काहीही शिजवायचं नाही, कारण आजूबाजूचे झोपलेले असतात आणि तंबूच्या कापडातून चमच्याचाही आवाज जातो. थर्मासमध्ये गरम दूध किंवा सूप भरून ठेवलं की झालं.

भांडी घासायला वेगळी मोरी असते, ती स्वच्छतागृहाला लागून. एक मोठी प्लॅस्टिकची पाटी न्या, त्यात सगळी भांडी टाकून एकदाच न्यायची. सकाळी आठ ते साडेनऊ तिथे आणि अंघोळीला रांग. साडेसहाला उठलं तर गरम पाणीही मनासारखं आणि तळंही आपलं एकट्याचं.

अनिकेत_स्टु

मला थोडा वेगळा सूर लावायचाय. वर सगळं फार गोड रंगवलंय.

आम्ही ऑगस्टमध्ये एका कॅम्पसाईटवर राहिलो (नाव घेत नाही). आमची जागा अंघोळीच्या इमारतीच्या वाटेवर. रात्रभर टॉर्चचे झोत तंबूवर. शेजारचा ग्रुप दोनपर्यंत गप्पा मारत होता. कार्यालयात सांगितलं तर सकाळी बघू म्हणाले. पहाटे साडेपाचला पक्षी आणि सात वाजता पावाच्या दुकानासमोर मुलांचा गलका. दोन प्रौढ, एक मूल, तंबू, गाडी, वीज, पाहुणेकर, असं सगळं धरून बिल बघितलं तर साध्या खोलीच्या फार खाली नव्हतं.

आता आम्ही प्रयोगासाठी गेलो की जवळच्या डॉर्नबिर्न गावी राहतो. लोकल ट्रेनने पाव तास, खोली स्वस्त, झोप पूर्ण. इतक्या गर्दीत तळं तरी कुठे दिसतं? काठावरच्या पहिल्या रांगा वर्षानुवर्षं येणाऱ्या कॅराव्हॅनवाल्यांच्या असतात, तंबूवाले मागे.

गंधाली_उल्म

अनिकेत, पहिल्या रांगेचं बरोबर आहे. तंबूतून तळं दिसेल या आशेने कोणी जाऊ नये. पन्नास पावलं चालून पाण्याशी जाता येतं, तेवढं पुरतं मला.

बिलाचंही मान्य. गाडी, वीज आणि मोठी जागा घेतली तर स्वस्त पडत नाही. स्वस्त पडतं ते छोटा तंबू, सायकल, विजेविना राहणाऱ्याला. त्यांना बऱ्याच ठिकाणी वेगळी हिरवळ असते, काही ठिकाणी आरक्षणाशिवायही जागा देतात, पण ऑगस्टच्या शनिवारी त्या भरवशावर निघू नये. आणि जागा मिळाली नाही म्हणून पार्किंगमध्ये किंवा काठावर कुठेतरी तंबू टाकता येत नाही, फोरार्लबर्गमध्ये (ब्रेगेन्झ ज्या प्रांतात आहे तो) ते बेकायदा आहे, दंड होतो.

आवाजाचं मात्र मला मनापासून वाटतं की तक्रार करायलाच हवी, आणि कार्यालयाने रात्री फेरी मारायलाच हवी. गर्दीतलं राहणं सुसह्य होतं ते फक्त दहानंतरच्या शांततेमुळे. ती पाळली गेली तर दीड हात अंतरावर माणूस झोपलाय हे विसरायला होतं. नाही पाळली तर कितीही सुंदर तळं असो, रात्र वाया. आपणही प्रयोगाहून परतताना पूल ओलांडला की बोलणं बंद, हेडलॅम्प खाली वळवलेला, तंबूची चेन हळूहळू ओढायची. मुलांना हे एकदा सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा चोख पाळतात.

जागा मागताना स्वच्छतागृहापासून चार-पाच रांगा दूर द्या असं आधीच लिहून कळवा. बहुतेक वेळा ऐकतात.

मानसी_फ्रीडरिख्सहाफेन

मी तळ्याकाठीच राहते, म्हणून हवामानाचं सांगते. हे तळं दिसतं तितकं शांत नाही. क्षेत्रफळ सुमारे ५३६ चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल जागी २५१ मीटर. उन्हाळ्यात दुपारभर उकडलं की संध्याकाळी पश्चिमेकडून वादळ येतं, आणि येतं तेव्हा मिनिटांत येतं.

काठावर जागोजागी केशरी दिवे लावलेत. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकायला लागले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा लुकलुकले तर वादळाचा. तिन्ही देशांच्या काठांवर हीच पद्धत आहे. हे दिवे बोटवाल्यांसाठी असतात, पण तंबूवाल्यांनी त्यांच्याकडे बघायला शिकावं. संथ लुकलुक दिसली की पोहणाऱ्या मुलांना बाहेर काढा, बाहेर वाळत घातलेलं आत घ्या, तंबूच्या दोऱ्या ताणून घ्या. जलद लुकलुक दिसली तर छत, पडदे, उघडी छत्री सगळं खाली. दुसऱ्याचं उडालेलं छत आपल्या तंबूवर पडतं, गर्दीत हा धोका मोठा.

खुंट्यांचं : काठाजवळची जमीन बऱ्याच ठिकाणी गोट्यांची, वरून हिरवळ आणि खाली खडी. तंबूबरोबर मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या तिथे वाकतात. लोखंडी जाड खुंट्या आणि हातोडी न्या. हातोडी नसली तरी चिंता नको, आजूबाजूला कोणाकडे तरी असतेच आणि देतातही.

आणि प्रयोगाला जाताना तंबू वादळ येणार असं धरूनच बंद करून जा, आकाश निरभ्र असलं तरी. सव्वानऊ ते साडेअकरा तुम्ही तिथे अडकलेले असता.

डासांचं विसरले. वर बर्फ वितळतं तेव्हा ऱ्हाइन पाणी घेऊन येते, त्यामुळे तळ्याची पातळी जून-जुलैत वर्षातली सगळ्यात वर असते. ती चढली की काठचे गवताळ भाग पाण्याखाली जातात, डास त्यातूनच. लांब बाह्यांचे कपडे आणि मलम हवंच.

विहंग_म्युनिक

पावसाबद्दलच विचारणार होतो. प्रयोगाच्या वेळी पाऊस आला तर काय? आमची तिकिटं मधल्या किमतीची आहेत.

सुधीरकाका

तिकिटावर बघा. काही महागडी तिकिटं अशी असतात की पाऊस असेल तर त्यांना आत महोत्सवगृहात बसायला मिळतं, तिथे साधं नेपथ्य लावून प्रयोग होतो. आत जागा सोळाशेच्या आसपास, बाहेर सात हजार, म्हणजे बाकीच्यांना आत घेणं शक्यच नाही. तुमची साधी असतील तर बाहेरचा प्रयोग रद्द झाल्यास पैसे परत मिळतात. पण प्रयोग सुरू होऊन तासाभराहून जास्त चालला आणि मग थांबला तर पैसे मिळत नाहीत. अटी त्या त्या वर्षीच्या नीट वाचून घ्या.

रिमझिम पावसात प्रयोग थांबत नाही. गायक भिजत गातात, आपण भिजत ऐकायचं. छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही. पायघोळ रेनकोट न्या, पाय झाकले जातील असा. निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत लांबवतात, कधी सुरुवातच उशिरा करतात, त्यामुळे दुपारी पाऊस बघून तंबूत बसून राहू नका. ठरलेल्या वेळी तिथे हजर राहायचं.

अनिकेत_स्टु

काकांच्या पोस्टवरून आणखी एक. प्रयोग उशिरा सुरू झाला तर सुटायलाही उशीर होतो. ट्रेनने लिंडाउ किंवा डॉर्नबिर्नला परतणाऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरून चालू नये, शेवटचीच वेळ माहीत करून ठेवावी आणि ती चुकली तर काय, हेही. म्युनिकहून दिवसा येणाऱ्यांना झुरिकला जाणारी युरोसिटी ही लांब पल्ल्याची ट्रेन थेट ब्रेगेन्झला थांबते, ती चांगली, पण रात्री त्या गाडीने परत जाता येत नाही.

गंधाली, जागा लिहून मागता येते हे मला माहीत नव्हतं. मुलगी तंबूसाठी मागे लागलीये, तर जुलैत एकदा बघतो.

विहंग_म्युनिक

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं. असं ठरलंय: झेखला तंबू, गाडी आतच राहील. आईबाबांना ब्रेगेन्झ स्टेशनजवळ एका रात्रीची खोली. प्रयोगाला मी, आई, बाबा आणि मोठी मुलगी. बायको म्हणाली, तिला ऑपेरापेक्षा सकाळी साडेसहाचं रिकामं तळं हवंय, ती धाकट्यासोबत थांबेल. रात्री मी आणि मुलगी सायकलने परत येऊ. नऊ वर्षांच्या मुलीला त्या वेळी सात किलोमीटर सायकल झेपेल का एवढीच शंका आहे.

मानसी_फ्रीडरिख्सहाफेन

झेपेल, पण झोपेने पेंगत असेल तर धोका नको. मागे जोडायची दांडी मिळते, मुलाची सायकल मोठ्याच्या सायकलला अडकवायची. जाताना तिला स्वतःची चालवू द्या, येताना जोडा. माझ्याकडे आहे ती दांडी, शिवाय जाड खुंट्यांचा एक संचही. तुम्ही त्याच आठवड्यात असाल तर निरोप पाठवा, फ्रीडरिख्सहाफेनहून लिंडाउ जवळ आहे, आणून देईन.

रेवती_म

विहंग, बाबांच्या खोलीत किटली असते का ते विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणाकडे प्यायचा ते त्यावर ठरेल. आणि मेतकूट आहे का घरी? नसेल तर सांगा, उल्ममार्गे गंधालीकडे देऊन ठेवते.